एक नग, जुनं तिरपाल

आमच्या वरच्या खोलीत आजवर अकरा भाडेकरू राहून गेले. वाडीत खोली बघायला येणारा माणूस आधी पाण्याचं विचारतो, मग मीटर वेगळं आहे का ते, आणि जिना उतरता उतरता भाडं किती कमी होईल ते. बागडेबाईंनी यातलं एकही विचारलं नाही. त्या सरळ गच्चीवर गेल्या, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत पावलं टाकत मोजून आल्या आणि म्हणाल्या, "खोली पसंत आहे, भाऊ. पण मले नऊच महिने पाह्यजे."

"नंतर बदली आहे का कुठे?"

"नाही ना. दसरा झाला की सोडीन अन् संक्रांतीच्या सुमाराले परत येईन. दरसाल. मधातल्या तीन महिन्यांचं भाडं कायले देऊ? मी राहीनच नाही तर."

मी शाळेत भूगोल शिकवतो. प्रश्न विचारणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे मी आणखी चार-पाच विचारून घेतले. बाई अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून होत्या. वय अठ्ठेचाळीस. लग्न केलेलं नव्हतं. सक्करदऱ्याला भाची होती, तिचा संसार होता. "तीन महिने कुठे जाता?" या प्रश्नाला मात्र "हिमाचलले" एवढंच उत्तर मिळालं. मला वाटलं, ध्यानाचं शिबिर वगैरे असेल. बाईंचा चेहराही तसा शांत होता.

मी म्हटलं, "आणि त्या तीन महिन्यांत मी दुसऱ्याला दिली तर?"

"देऊन टाकजा ना. पण संक्रांतीले खाली करून ठेवजा."

असं रोखठोक बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणणं मला जमत नाही. आतून माझी बायको रजनी म्हणालीच, "देऊन टाका हो, बाई सरळ दिसते." सरळ होत्याच. इतकं सरळ माणूस किती आडवळणाचं निघू शकतं, हे आम्हाला पुढे दहा वर्षं कळत गेलं.

बाईंचं सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. त्यात एक पाठीवर घ्यायची अवाढव्य बॅग होती. तिला दोन हमाल हात लावायला गेले, तर बाईंनी दोघांनाही बाजूला सारलं आणि स्वतः जिना चढल्या. खोलीत एकच पलंग होता. त्यावर बॅग झोपायची आणि खाली चटईवर बाई. रजनीनं विचारलं तर म्हणाल्या, "जमिनीले ओल राह्यते वं." ओल बाईंना चालत होती, बॅगेला नाही.

मला झोप येईना. त्या बॅगेत काय असावं, यावर मी आणि रजनीनं आठवडाभर तर्क केले. पहिल्या रविवारी सकाळी शेजारचे काका फाटकाशी येऊन म्हणाले, "वानखडे, कोणाचं लग्न आहे? मांडव टाकून राहिले ना गच्चीवर!" मी धावत वर गेलो. अख्खी गच्ची निळ्या-पिवळ्या झुळझुळीत कापडानं भरून गेली होती. त्याला शेकडो बारीक दोऱ्या होत्या, आणि बाई मांडी घालून एकेक दोरी बोटांतून सरकवत, तिचा कस बघत बसल्या होत्या.

"हे ग्लायडर आहे," त्या म्हणाल्या. "डोंगरावरून याच्याखाली लटकून उडतात."

"कोण उडतं?"

"मी."

मी गच्चीच्या दारातच खाली बसलो. बाईंनी हातातली दोरी पूर्ण तपासली, मग दुसरी घेतली.

हे खूळ त्यांना कसं लागलं, ते मी थोडं थोडं करून काढून घेतलं. सफरचंदांचा एक ट्रक हिमाचलात उलटला होता आणि नुकसानीचा दावा मिटवायला कंपनीनं बाईंना पाठवलं होतं. व्यापारी दोन दिवस भेटेना. म्हणून त्या गावाबाहेरच्या माळावर जाऊन बसल्या, तर आभाळातून माणसं खाली येत होती. "सगळे लोकं वर कसे जातात ते पाहून राहिले होते," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, खाली कसे येतात ते पाहू. ट्रान्सपोर्टच्या माणसाले माल पोचला का, हेच पाह्याची सवय." दुसऱ्या दिवशी कंपनीनं जेवणाखाणाला दिलेले पैसे देऊन त्या एका शिक्षकासोबत उडाल्या आणि दोन दिवस फुटाण्यांवर राहिल्या. त्यानंतरच्या वर्षी शिकायलाच गेल्या. तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. गच्चीवरचं ते ग्लायडर तिसऱ्या हाताचं होतं, एका परदेशी माणसानं परत जाताना विकलेलं.

नवं ग्लायडर केवढ्याला येतं, हे ऐकल्यावर मला बाईंची बाकीची वागणूक उलगडली. म्हणजे उलगडली असं मला वाटलं. नवं तीन लाखांच्या घरात येतं आणि साधारण तीनशे तास उडून झालं की कापड म्हातारं होतं. बाईंनी त्याचा सरळ हिशेब मांडला होता: तासाला हजार रुपये, शंभर रुपयांत सहा मिनिटं. जगातली प्रत्येक वस्तू त्या या मिनिटांत मोजायच्या. ऑफिसातला चहा त्या पीत नसत, कारण महिन्याच्या चहात वीस मिनिटं जातात. आमच्याकडचा मात्र रोज प्यायच्या, कारण त्यात त्यांचं काहीच जात नव्हतं. साड्या चार, आणि त्यांचे वार ठरलेले. सोमवारी हिरवी, मंगळवारी विटकरी. एकदा बुधवारी त्या हिरवी नेसून खाली आल्या तेव्हा रजनीनं घाबरून कॅलेंडर बघितलं होतं. तीच रजनी पुढे इतवारीतून पंधराशेची साडी घेऊन आली आणि घरात शिरता शिरता मला म्हणाली, "दीड तास गेला हो ताईचा!" गेला होता आमचाच पैसा, पण मोजमाप आता बाईंचं झालं होतं.

त्यांचा संसार दसऱ्याला फुटायचा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन आल्या की संध्याकाळी वाटप सुरू. फ्रिज आमच्याकडे. सिलिंडर समोरच्या मावशींकडे. भांड्यांचं पोतं काकांकडे. "फ्रिज चालू ठेवजा, भाऊ. बंद राह्यला तर खराब होते," असं वर आम्हालाच बजावायच्या, म्हणजे विजेचं बिल आमचं आणि उपकारही आमच्यावर. पण गंमत अशी, की दिवाळीत घरात दोन फ्रिज आहेत याचा रजनीला अभिमान वाटायचा. मी पहिल्या वर्षी खोली दुसऱ्या एका माणसाला दिली. त्यानं डिसेंबरात खोली सोडायला नकार दिला, तेव्हा मला इतका घाम फुटला की पुढच्या वर्षीपासून तीन महिने खोली रिकामीच ठेवू लागलो. थोडक्यात, खोलीच्या वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्सा मी बाईंच्या उडण्यावर खर्च करत होतो, आणि ते मला कळायलाही दोन वर्षं लागली.

कंपनी त्यांना दरसाल तीन महिने बिनपगारी रजा द्यायची, आणि प्रवासाला त्यांचा खर्च जवळजवळ नव्हताच. नरखेडकडचा संत्रा भरून ट्रक दिल्लीला जातात, त्यातल्या ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर बाई केबिनमध्ये बसून निघायच्या. सीटमागे बॅग. सिवनीला एका ड्रायव्हरच्या घरी मुक्काम, सागरला दुसऱ्याच्या, झाशीला तिसऱ्याच्या. या लोकांचे विम्याचे कागद, पोरींचे शाळेचे दाखले, अपघाताचे अर्ज बाईंनी वर्षानुवर्षं लिहून दिले होते. त्यामुळे कुठल्याही घरात त्या पाहुण्या नव्हत्या. गेल्या की पदर खोचून पोळ्या लाटायला बसायच्या. मी एकदा चिडवलं, "बाई, याला फुकट प्रवास म्हणतात."

"फुकट काहून, भाऊ? बारा वर्षं अर्ज लिहिले, त्याचंच भाडं वसूल करून राहिली मी."

तिकडे गेल्यावर त्या शिकवणाऱ्यांच्या तळावर शंभर माणसांचा स्वयंपाक सांभाळायच्या आणि त्याबदली राहायला जागा मिळायची. संक्रांतीला यायच्या त्या रापलेलं नाक आणि पाच किलो राजमा घेऊन. राजमा प्रत्येक घरी वाटीवाटीनं जायचा. आमच्या वाट्याला दोन वाट्या, कारण फ्रिज.

मी त्यांना दरवर्षी एकच विचारायचो, "वरून काय दिसतं?" भूगोलाच्या मास्तरानं एवढं तरी विचारावं ना! मी स्वतः पचमढीच्या पलीकडे गेलेलो नाही. पोरांना हिमालयाच्या रांगा फळ्यावर काढून दाखवतो, त्याही पुस्तकातून बघून. बाई या प्रश्नाला नीट उत्तर द्यायच्या. घारी कशा जवळ येऊन मान वळवून बघतात. उन्हानं तापलेल्या उतारावरून गरम हवा कशी वर ढकलते, ते चुलीवरच्या पातेल्यावर हात धरून दाखवायच्या. मग एकदा त्यांनी सांगितलं, की समोरच्या डोंगररांगेमागे एक उंच, बर्फाची रांग आहे. तिच्या पलीकडे काय आहे ते त्यांना बघायचं होतं. जुन्या ग्लायडरनं तेवढी उंची मिळत नव्हती. सहा वर्षं त्या रांगेच्या अलीकडून परत फिरल्या होत्या.

मी उत्साहानं नकाशाचं पुस्तक काढलं. "पलीकडे नदीचं खोरं आहे, बाई. हे बघा."

त्यांनी बघितलं. अगदी नीट, बोटानं नदी उगमापर्यंत नेऊन. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "हे मले माहीत आहे, भाऊ. मले पाह्याचं आहे."

त्यासाठी नवं ग्लायडर हवं होतं, आणि त्यासाठी पाच वर्षं त्यांनी मिनिटं साठवली.

ऑफिसात बाईंचा दबदबा वेगळ्याच कारणानं होता. बुकिंगबरोबर नुकसानीचे दावेही त्याच बघायच्या, आणि तिथे त्यांचा एकच कायदा होता. ट्रकमध्ये माल चढताना जो कागद फाडतात, ती बिल्टी. बिल्टीवर जे लिहिलं तेच खरं, बाकी देवानं येऊन सांगितलं तरी खोटं. मी एकदा त्यांच्या ऑफिसात गेलो होतो, तेव्हा एक व्यापारी टेबलावर मुठी आपटत होता. त्याच्या पेटीतले मिक्सर फुटले होते. भाडं कमी पडावं म्हणून त्यानं बिल्टीवर "स्टीलची भांडी" लिहून घेतलं होतं.

"भांडे फुटले का, शेठ?" बाईंनी विचारलं.

"बाई, भांडे नाही, मिक्सर होते!"

"मिक्सर आमच्या गाडीत चढलेच नाही. कागद पाहा."

माणूस रडकुंडीला आला. मला त्याची दया आली, बाईंना नाही आली. परत येताना मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "आज याचं ऐकलं तर उद्या ड्रायव्हरच्या गळ्यात पडते. त्याच्या पगारातून कापतात, भाऊ. तुम्हाले वाटते कंपनी देते?" मला तसंच वाटत होतं.

बाई छप्पन्न वर्षांच्या असताना, पावसाळ्याच्या शेवटी, नवं ग्लायडर आलं. लाल आणि पांढरं. आम्ही सगळे गच्चीवर जमलो. काकांनी नारळ आणला. बाईंनी नारळ गच्चीवर फोडू दिला नाही, पाणी उडेल म्हणून. खाली फाटकाशी फोडला. त्या दिवशी त्या पहिल्यांदा मला म्हणाल्या, "चला ना भाऊ तुम्ही बी, एक डाव." मी शाळेचं कारण सांगितलं. शाळेला तेव्हा सुट्टी लागणार होती, हे त्यांनाही माहीत होतं.

आता जे झालं ते सांगतो. दसरा झाला, पण भाचीच्या मुलीला ताप आला आणि बाईंना आठ दिवस मागे राहावं लागलं. नेहमीच्या ड्रायव्हरचा ट्रक थांबणार नव्हता. त्यातून तो ड्रायव्हरही आजारी, त्याच्या जागी दादाराव नावाचा नवा माणूस लागला होता, नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातला. बाईंनी ठरवलं, बॅग पुढे पाठवायची आणि आपण मागून रेल्वेनं हातात एक पिशवी घेऊन जायचं. बॅग वेगळी पाठवायची म्हणजे बिल्टी आली. किमती माल असं लिहिलं असतं तर भाड्यावर आठशे रुपये जास्त पडले असते. शिवाय किमती म्हटलं की वाटेत चार हात लागतात. बाईंनी बॅग गोणपाटात शिवली आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात बिल्टी लिहिली: "तिरपाल, जुनं, एक नग. मालकाच्या जोखमीवर."

संध्याकाळी आमच्याकडे चहा पिताना त्यांनी हे मोठ्या खुशीत सांगितलं. "अठ्ठेचाळीस मिनिटं वाचले."

तिसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खुर्चीत त्या बसलेल्या असताना फोन वाजला. दादारावचा. त्याचा आवाज एवढा मोठा, की आम्हाला दोघांनाही ऐकू येत होता.

"बाई, सागरच्या पुढे लय पाणी लागलं! वाऱ्यानं गाडीचं तिरपाल फाटून गेलं. सारा संत्रा भिजत होता. मंग मी कागद पाह्यले, तं तुमचं तिरपाल निघालं! काय मजबूत माल हाय, बाई! एक थेंब नाही गेला आत."

बाईंच्या हातात कप होता. तो त्यांनी बशीत ठेवला. "दोऱ्या होत्या ना त्याले?"

"होत्या ना, ढीगभर. गुंतल्या होत्या साऱ्या. कापून टाकल्या. त्याच बांधाले कामी आल्या."

मी उभा राहिलो होतो. रजनीनं तोंडावर पदर धरला होता. बाईंनी विचारलं, "संत्रा भिजला का?"

"एक फळ नाही, बाई!"

"बरं झालं," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला आणि उरलेला चहा पिऊन वर गेल्या.

ते तिरपाल खरं काय होतं, हे दिल्लीच्या गोदामात कुणीतरी दादारावला सांगितलं असावं. परत येताना तो आधी गावी गेला आणि मग आमच्या दारात आला. तिशीतला, काटक माणूस. खुर्ची दिली तर बसला नाही, पायरीवर बसला. स्वच्छ चादरीत बांधलेलं गाठोडं त्यानं पुढे ठेवलं. "तेल लागलं होतं, चिखल होता. मायनं सोड्यात घालून धुतलं, बाई."

"गरम पाण्यात?"

"उकळत्या."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. त्या कापडावर हवा अडवणारा लेप असतो, साबणसुद्धा लावायचा नसतो, हे त्या माउलीला कोण सांगणार होतं! दादारावनं खिशातून पगाराचे पैसे काढले आणि त्यावर आपल्या मोटारसायकलची चावी ठेवली.

"दादाराव," बाई म्हणाल्या, "बिल्टीवर काय लिहून होतं गा?"

"तिरपाल."

"कोणाच्या अक्षरात?"

"तुमच्या."

"मंग झालं तर. तिरपाल पाण्यात वापराचं नाही तं काय त्याची पूजा कराची? चावी उचल."

"बाई, पण तीन लाखाचं..."

"दावा कोणावर लावू मी? पाठवणारी मीच, लिहिणारी मीच, घेणारी मीच. उचल म्हटलं ना."

तो गेल्यावर मी तोंड उघडलं. म्हटलं, निदान थोडं तरी घ्यायचं, त्यालाही बरं वाटलं असतं. दहा वर्षांत बाई माझ्यावर तेव्हा एकदाच चिडल्या. "अख्खी नोकरी लोकायले तोंडावर सांगत आली, भाऊ. कागदावर आहे तेच खरं. त्या मिक्सरवाल्याले रडवलं मी. आता माह्या वेळेले पलटू?" आणि मग, "आठशे रुपयासाठी केलं मी हे. त्यानं नाही."

रात्रीचं वरण द्यायला रजनी वर गेली होती. परत आली ती डोळे पुसतच. पलंग रिकामा होता आणि बाई खाली चटईवरच झोपल्या होत्या. त्यांच्या मिनिटांची मी इतकी वर्षं चेष्टा केली होती. ती सगळी मिनिटं एका झटक्यात गेली होती.

त्या वर्षी त्या गेल्या नाहीत. एक तारखेला नोव्हेंबरचं भाडं घेऊन खाली आल्या. मी हात मागे घेतला, तर म्हणाल्या, "घ्या ना भाऊ. राहून राहिली ना मी." बाईंकडून बारा महिन्यांचं भाडं मला तेव्हा पहिल्यांदा मिळालं, आणि इतके नकोसे पैसे मी कधी मोजले नाहीत. ग्लायडर त्यांनी हिमाचलातल्या दुरुस्तीवाल्याकडे पाठवलं. या वेळी बिल्टीवर "ग्लायडर, किमती" लिहून, पूर्ण भाडं भरून. त्यानं कापड तपासून कळवलं, की यातून हवा झिरपते आहे. दोऱ्या नव्या लावता येतील, पण हे आता माणसाला घेऊन उडवू नका. पुन्हा पाच वर्षं साठवायचे का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "पैसे जमतील, भाऊ. गुडघे नाही जमणार."

मग त्यांनी एक अजब काम काढलं. इतवारीतून नायलॉनची दोरी आणली, गच्चीवर खिळे ठोकले आणि मापाच्या तक्त्यावरून एकेक दोरी कापून ग्लायडरला बांधायला लागल्या. खेपेवरून आला की दादाराव यायचा आणि मोजायच्या फितीचं दुसरं टोक धरायचा. दोघं फारसं बोलत नसत. मी विचारलं, "हे उडणार आहे का?"

"नाही."

"मग कशाला?"

"उभं तर राह्यते का पाहू."

सव्वा वर्ष चाललं ते काम. तोवर बाई निवृत्त झाल्या. भाची त्यांना सक्करदऱ्याला बोलावत होती आणि त्यांनी हो म्हटलं होतं. सामान जायच्या आधीच्या रविवारी दादाराव कुणाची तरी जीप घेऊन आला आणि आम्हा तिघांना त्याच्या गावी घेऊन गेला. फेब्रुवारी संपत आला होता. गावाबाहेर एक उंच बरड आहे, दगडगोट्यांची, काही न पिकणारी. तिच्या उताराखाली कापसाची पऱ्हाटी उपटून मोकळी झालेली वावरं, आणि त्यांच्यापलीकडे संत्र्याचे मळे. खालून वर चांगला वारा येत होता. दादारावची आई आली होती, लुगड्याचा काष्टा मारलेली ठेंगणी बाई. ती लांबच उभी राहिली.

बाईंनी पट्टे बांधले, टोपी घातली. त्या पोशाखात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मागे ग्लायडर पसरलं होतं. पट्ट्याला पाठीमागे एक कडी असते, ती त्यांनी दादारावला धरायला लावली. "पाय रोवून उभा राह्य." त्यानं दोन्ही हातांनी धरली. बाई दोन पावलं पुढे झाल्या, आणि जमिनीवर पडलेलं ते लाल-पांढरं कापड सळसळत उठलं, डोक्यावर आलं आणि तिथे थांबलं. एवढी वर्षं गच्चीवर निपचित पडलेलंच मी पाहत आलो होतो. ते जिवंत असतं हे मला ठाऊक नव्हतं. रजनीनं माझा हात घट्ट धरला.

बाई वर बघत होत्या. हात किंचित वरखाली करत त्यांनी त्याला स्थिर ठेवलं. मग वाऱ्याचा जोर वाढला. बाईंच्या टाचा उचलल्या गेल्या. मग चवडे. वीतभर, हातभर त्या जमिनीवरून वर आल्या. दादाराव मागे झुकून, दातओठ खात कडी ओढून धरत होता. खाली सगळा उतार मोकळा होता. समोर काहीच आडवं नव्हतं. बाईंचा चेहरा मला बाजूनं दिसत होता, आणि त्या काय बघत होत्या हे विचारायची मला पहिल्यांदाच गरज वाटली नाही.

दादारावनं ओरडून विचारलं, "बाई, सोडू का?"

कापड डोक्यावर फडफडत होतं. दादारावनं पुन्हा विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "धरून ठेव."

वारा पडेपर्यंत त्यानं धरून ठेवलं.